पंच्याखाली मोजलेले दिवस

केरबाने मला फसवले. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझ्या बोलण्यात कडवटपणा का आहे, असा प्रश्न पडणार नाही. म्हशींच्या दलालीत माझी हयात गेली. पौडच्या बाजारात कोणी मला लंगडे जनावर धडधाकट म्हणून गळ्यात मारू शकले नाही. त्या मला ताम्हिणीकडच्या डोंगरावरच्या या माणसाने सलग अठरा दिवस फसवले, आणि मला त्याचा पत्ता लागला तो चार वर्षांनी.

देवीच्या आजारातून मी उठलो, हे आता सगळ्या मुळशी खोऱ्याला माहीत आहे. तोंडावरचे वण आणि गेलेला डावा डोळा लपवता येत नाही. पण त्या आजारात मला जीव नकोसा झाला होता, हे मी कधी बोललो नाही. आता लिहितो आहे, कारण साथ अजून पुरती गेलेली नाही. कुठे ना कुठे अशी शेड बांधली जाते आणि तिच्यात कोणीतरी केळीच्या पानावर माझ्यासारखा पडलेला असतो.

निंबाचा डहाळा

तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचे होते. मी पस्तिशीचा होतो. आमची भातखाचरे धरणाच्या पाण्यात गेलेली, त्यामुळे वडिलांनी मागे ठेवले ते फक्त नाव. मी दुसऱ्यांच्या म्हशी हाकत हाकत स्वतःच्या म्हशींपर्यंत आलो होतो, आणि याचा मला बराच ताठा होता.

त्या वर्षी देवीची लस टोचणारा माणूस आमच्या गावात आला. मी त्याला दंडावरचा म्हशीच्या शिंगाचा व्रण दाखवला आणि लहानपणीच टोचलंय म्हणून ठोकून दिले. तो बिचारा चालून थकलेला होता, त्याने मान डोलावली. तो सौदा मी जिंकलो.

पुढच्या महिन्यात घाटाखालच्या बाजाराहून परतलो तो कंबर धरून. ताप होता, पण उन्हातली चाल म्हणून सोडून दिले. तिसऱ्या दिवशी बायको, चंद्रा, तांब्या घेऊन जवळ आली आणि माझ्या कपाळाकडे बघत तशीच उभी राहिली.

"काय बघतीस?" मी ओरडलो.

"काय न्हाई," म्हणाली, आणि तांब्या ठेवून पोरांना घेऊन आईच्या घरी गेली. परत आली तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी दाराला निंबाचा डहाळा लावला, चुलीवरची फोडणी बंद केली आणि मला हात जोडले. मला नव्हे, माझ्या अंगात आलेल्या देवीला. त्या बाईने मला आयुष्यात कधी नमस्कार केला नव्हता. तेव्हाच मी समजायला हवे होते की काम कठीण आहे.

दुपारी एक गिऱ्हाईक आले होते. दारावरचा डहाळा पाहून ते अंगणातूनच मागे फिरले, आणि जाताना माझ्याकडे पाहायचेही त्याने टाळले. तालुक्याचे डॉक्टर आले. पुण्याहून नुकतेच शिकून आलेले पोरसवदा गृहस्थ. एकच शब्द बोलले, "देवी." बैलगाडीत गवत पसरून मला घातले आणि शेडवर नेले. चंद्रा गाडीमागून वेशीपर्यंत चालत आली. मी तिला म्हणालो, "घरी जा, म्हशींची धार काढायचीय." निरोप म्हणून एवढेच बोललो.

ओढ्यापलीकडची शेड

शेड म्हणजे बांबू, वर पत्रा, बाजूने तट्टे. ओढ्याच्या पलीकडे, गावाला तिचा वारा लागू नये अशी. आम्ही नऊजण होतो. सकाळी पेज, मग कंपाउंडर अंगाला औषध लावायचे, मग पाने बदलायची. गादीवर अंग टेकवत नसे, म्हणून केळीची पाने अंथरलेली असत. दुपारी पत्रा असा तापायचा की म्हशीलासुद्धा तिथे कोणी बांधले नसते. संध्याकाळी परत पेज.

माझ्या शेजारी दाराजवळ केरबा. हा माझा बाजारातला जुना वैरी. मी डावीकडून म्हैस बघायला लागलो की हा उजवीकडून यायचा. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका जाफराबादी म्हशीवरून एकमेकांच्या पटक्याला हात घातला होता. तो माझ्या आधी दहा-बारा दिवस शेडमध्ये आलेला. मी शुद्धीवर आलो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर फडके बांधलेले होते.

"आलं का शेठ?" तो म्हणाला. "मला वाटलं हितं तरी न्हाई येनार माझ्या मागं."

माझ्या तोंडात, घशात फोड होते. उत्तर देता आले नाही. मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला.

आठवड्याने डॉक्टरांनी पापणी उचलून बघितली. डावा डोळा गेला. उजव्याचे दोन-तीन दिवसांत समजेल म्हणाले. उजवा एका फटीएवढाच उघडत होता.

डोळा हेच माझे दुकान होते. दात, खूर, कास, चाल, सगळे मी डोळ्याने तोलायचो. आंधळ्या दलालाला कोण विचारणार? त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक विचार येऊ लागला. तो मला धमकावत आला नाही. तो चांगल्या दलालासारखा आला, हळू आवाजात, माझ्याच भल्याचे बोलत. तू गेलास तर चंद्रा मोकळी होईल. तुला हाताला धरून फिरवायला नको. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. वीस वर्षांत मी गोड बोलणाऱ्या एकाही दलालावर विश्वास ठेवला नव्हता. याच्यावर ठेवला. याने दाखवलेला माल मी एकदाही उलटा करून बघितला नाही.

सकाळी अंगाला औषध लावताना मी घोगऱ्या आवाजात कंपाउंडरना म्हणालो, "मला यातून कायमचं सोडवा." त्यांचा हात थांबला. "असं बोलू नका," एवढे म्हणून ते पुढच्या माणसाकडे गेले. त्यानंतर माझा आवाज पुरता बसला.

दुपारचा सौदा

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ग्लानीत पडले असताना मी उठलो आणि दाराकडे निघालो. कशासाठी, ते मला माहीत होते. इथे लिहिण्याची गरज नाही.

दाराशी केरबाने माझ्या धोतराचा सोगा धरला.

"कोन, सख्या का? पाय वळखला म्या. कुटं चाललास?"

मी सोगा ओढला. त्याने सोडला नाही.

"काल कंपौंडरला बोललास ते आयकलंय म्या. सरळच इचारतो. जीव द्यायचाय का तुला?"

असे कोणी विचारेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. 'असं बोलू नका' म्हणणारे भेटले होते. विचारणारा हा पहिला. मी त्याच्या पानांवरच बसलो. मान हलवली, मग आठवले की याला दिसत नाही. त्याचा हात धरून दाबला. हो.

 केरबा म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस. आता माझं आयक. माझं दोन्ही डोळं मिटल्यात. उगडत्याल का न्हाई, कुनाला ठावं. मला दिसातनं दोन येळा वड्याला जावं लागतं. हितल्या दुसऱ्या कुनाचा हात म्या धरनार न्हाई, माझी लाज हाय. तुला फटीएवडं का हुईना दिसतंय. तवा तू मला न्यायचं. किती दिस, बोल."

आणि त्याने आपला पंचा आमच्या हातांवर टाकला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही दलाल भाव तोंडाने बोलत नाही. हातांवर कापड टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटे दाबायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. मला बोलता येत नव्हते, त्याला दिसत नव्हते. त्या शेडमध्ये त्याच्याहून सोयीची भाषा आम्हाला नव्हती.

मी एक बोट दाबले. एक दिवस.

केरबाने माझी पाचही बोटे दाबली, सोडली, परत पाचही दाबली.

दहा! मला संताप आला. मरायला निघालेल्या माणसालासुद्धा हा लुटतो! मी परत एकच बोट दाबले, जोरात. तो आठावर आला. मी झटका देऊन हात काढू लागलो. त्याने धरून ठेवला. सहा. मी दोन. पाच. मी दोनच. शेवटी तिनावर तुटले; आमच्या बोलीत तुटले म्हणजे ठरले.

"तीन दिस," केरबा म्हणाला. "आन् दलाल हायेस. सौदा केल्यावर मोडायचा न्हाई."

मी मोडला नाही. मी पुष्कळ वाईट गोष्टी केल्या आहेत, पण हात दिलेला सौदा मोडला नाही. इतका राग आला होता की त्या रागात मला दुसरे काही करायचे सुचलेच नाही.

नंतर मला कळले की मी झोपताच केरबाने कंपाउंडरना सगळे सांगितले. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी ते आपला स्टूल माझ्याजवळ आणून बसू लागले. फार काही बोलत नसत. त्यांच्या गावच्या आंब्यांचे सांगत. पण बसत.

मीठ

चंद्रा दर दोन दिवसांनी ओढ्याच्या पलीकडे आंब्याखाली येऊन उभी राहायची. मधल्या दगडावर गाडगे ठेवून मागे सरायची आणि हाका मारायची. तिच्या हाका सगळ्या खोऱ्याला ऐकू जात.

"अवो! जिते हायसा का?"

मी आत पडून राहायचो. आवाज नव्हता हे एक कारण. दुसरे म्हणजे तिने मला विसरावे असे मला वाटे. ती समजायची मी रुसलो आहे. दोनदा ती रडत परत गेली, हे मला तट्ट्यातून दिसले.

सौद्याच्या दुसऱ्या दिवशी मी केरबाला हात धरून बाहेर नेत असतानाच ती आली.

"अवो! बोला की!"

केरबाने तोंड आवाजाच्या दिशेला केले आणि मोठ्याने म्हणाला, "वयनी! शेठचा आवाज बसलाय! शेठ म्हनत्यात, कालवनाला मीठ कमी हुतं!"



"मीठ कमी?" चंद्रा कडाडली. "मानूस मराया टेकलाय आन् मीठ काढतुया! दोन कोस उन्हातनं येतीया मी! आईनं फोडनी बंद केलीया, चुलीपाशी तोंड दाबून शिजवतीया, आन् यास्नी मीठ! त्यास्नी म्हनावं, या घरी, मग दावते मीठ!"

"वयनी, शेठ म्हनत्यात, तिखट बी कमी!"

मला हसू आले. ओठाची खपली फुटली, रक्त आले, तरी हसत राहिलो. आवाज न फुटता नुसते खांदे हलत होते. चंद्राने ते बघितले. ती शिव्या देता देता खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि तीही हसायला लागली. ती हसत होती की रडत होती, हे एका फटीतून नीट दिसले नाही. मी हात वर केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

पुढच्या वेळचे कालवण तोंडात घालवेना इतके खारट होते. मी सगळे खाल्ले.

माझी चूक

तीन दिवस संपले. केरबाने परत पंचा टाकला. परत घासाघीस. परत तीन. मग पाच. दरम्यान उजव्या डोळ्याची सूज उतरली आणि मला त्या डोळ्याने स्वच्छ दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, हा राहिला.

एकदम सगळे बरे झाले, असे कोणी समजू नये. तो गोड बोलणारा विचार रोज पहाटे येऊन बसायचाच. पण आता मी त्याला सांगायचो, माझा हात गुंतला आहे, सौदा संपल्यावर ये. आणि दिवस वर आला की केरबा ओरडायचा, "शेठ, उटा, वडा वाट बगतुया!" मग त्याला नेताना भांडण, आणताना भांडण. जाफराबादीचे जुने भांडण आम्ही त्या ओढ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत परत भांडलो. माझा आवाज परत आला तो त्याला शिवी देण्यासाठी.

एकदा पलीकडून कोणी म्हैस हाकत चालला होता. केरबा तोंड वर करून म्हणाला, "ही मागल्या डाव्या पायात लंगडतीया." मी बघितले, खरेच लंगडत होती. "खुराचा आवाज," तो म्हणाला. मी थक्क झालो. केरबाचा कान असा आहे की तो आवाजावरून जनावर पारखतो, ही गोष्ट मी पुढे चार वर्षे बाजारात सांगत फिरलो.

पाच दिवसांची मुदत संपली तेव्हा पंचा मी टाकला. त्याने चार बोटे दाबली. मी सात दाबली.

दाबल्यावर माझ्या लक्षात आले. समोरचा चार मागतो आहे आणि मी आपण होऊन सात देतो आहे! वीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. बाजारात कोणी पाहिले असते तर माझी अब्रू गेली असती.  केरबाने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ, आणि मग मोठ्याने म्हणाला, "तुटलं!"

सात दिवसांनी माझ्या सगळ्या खपल्या गळाल्या. डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली. त्याच सकाळी केरबाने फडके काढले, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "आरं, दिसतंय की! लई भेसूर दिसतुयास, सख्या." मला वाटले देवीने कृपा केली. मी त्याला मिठी मारली. त्या मिठीची मला अजून लाज वाटते.

हौसा

घरी आल्यावर लोक वर्षभर माझ्या अंगणात बसायला कचरले. चंद्राने जो जो दारावरून मुकाट निघून गेला त्याला हाक मारून, चहा पाजूनच सोडला. तिच्या भीतीने लोक आले, मग सवयीने येऊ लागले. एका डोळ्याने म्हैस बघायला मी शिकलो. तिच्याभोवती दुप्पट फिरावे लागते, एवढेच.

चार वर्षांनी घोटवड्याकडच्या एका घरी म्हैस बघायला गेलो होतो. घरधनी म्हातारा बोलण्यात पक्का होता, सौदा रंगात आलेला. सून चहा घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"तुमी त्येच शेठ का? शेडवालं?"

"व्हय. तू गं कोण?"

"केरबाची हौसा मी."

"अगं, मग बस की! तुझा बाप आंधळा असताना मी त्याला हाताला धरून हिंडवलाय."

तिने कपबशी माझ्या हातात दिली. "आंधळा कुटला? आमचा बाप कवा आंधळा हुता? डोळं तर त्याचं सुरवातीला चार दिस सुजल्यालं. तुमी यायच्या आदीच उगडल्यालं. फडकं उनाच्या तिरपीसाटी बांदायचा."

मी हसून सोडून देणार होतो. ती पुढे बोलली.

"डाक्टरनी त्याला घरी जा म्हनून सांगितल्यालं. माझं लगीन हुतं त्या आटवड्यात. समदी वाट बगत हुती. कंपौंडर निरोप घिऊन आलं, बाप येत न्हाई, हितं एका मानसाचा हात धरलाय, सोडता येत न्हाई. कन्यादान चुलत्यानं केलं." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, की आवाजही चढवला नाही. "मला लई राग आल्ता. मग बापानं येऊन सांगितलं कुनाचा हात ते. नाव न्हाई घेतलं. पन तोंडावर खुना लई, एक डोळा गेल्याला, आन् लई भांडखोर, असं म्हनला. तवा आता वळखलं."

त्या दिवशी मी म्हैस न घेताच उठलो. चहा तसाच राहिला.

जाब

दुसऱ्याच बाजारी मी केरबाला गाठले. चारचौघांत विचारले, का केलेस? तो विडी पेटवत म्हणाला, "लग्नात नाचाय लागतं रं. मला येत न्हाई." मी त्याच्या दारी माझ्या गोठ्यातली पहिलटकर म्हैस पाठवली. तिसऱ्या दिवशी ती परत आली, आणि वर निरोप, की हिच्या कासेचा डावा सड बारीक आहे. तो तसा नाही. सगळ्या खोऱ्याने येऊन बघावा.

आज जो कोणी शेडमध्ये पडून हे ऐकत असेल त्याला मी एवढेच सांगतो. तो गोड बोलणारा विचार आला तर शेजारच्या पानावरच्या माणसाला सांग, मग तो तुझा वैरी का असेना. आणि शेजारी पडलेल्या माणसा, तू सरळ विचार. विचारल्याने कोणी मरत नाही. मला कोणी विचारले म्हणून मी जगलो. माझ्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या माघात आहे, आणि कन्यादान मी करणार आहे.

म्हणूनच मला केरबाकडून जाब हवा आहे. सौदा म्हणजे दोघांनी देणे आणि दोघांनी घेणे. एकाने नुसते द्यायचे, याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. केरबा, तुला वाचता येत नाही, पण हौसा तुला हे वाचून दाखवील. तिच्यासमोरच उत्तर दे. तिच्या मांडवात बापाची जागा मोकळी ठेवलीस, पट्टी बांधून पत्र्याखाली बसलास, ज्याने तुझ्या पटक्याला हात घातला होता त्याच्यासाठी. त्या अठरा दिवसांत तू माझ्याकडून काय घेतलेस, ते सांग. 'काय न्हाई' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.